आधी हात, मग चहा

जुना ट्रॅक्टर पाहायला गेलो की मालकाला जयभीम-नमस्कार करायच्या आधी मी बोनेटवर हात ठेवायचो. लोक हसायचे. ट्रॅक्टरले ताप आला का पाहून राह्यले का जी, असं एखादा तरी विचारायचाच, आणि दरवेळी त्याला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. मी त्यांना हसू द्यायचो. बोनेट थंड असलं तरच पुढचं बोलणं. गरम असलं तर आल्या वाटेनं परत, नाही तर तिथंच कुठं तरी बूड टेकून ते थंड होईपर्यंत बसून राहायचं.

हा नियम माझा नाही, माझ्या उस्तादाचा आहे. वर्ध्यात स्टेशनाकडच्या एका गल्लीत त्यांचं गॅरेज होतं आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्यांच्या हाताखाली होतो. झिजलेलं इंजिन रात्रभर उभं राहिलं की सकाळी खरं बोलतं, असं ते सांगायचे. सेल्फ मारला की कण्हतं, दोनदा-तीनदा नुसतं घरघरतं, मग निळा-पांढरा धूर ओकत कसंबसं सुरू होतं. विकणारा हुशार असला तर गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास चालवून ठेवतो. गरम झालेलं इंजिन कितीही मेलेलं असो, एका सेल्फमध्ये उठतं. म्हणून गरम बोनेट म्हणजे मालक काही तरी झाकून राहिला, एवढं धरून चालायचं.

नियमाचा दुसरा अर्धा भाग चहाचा होता. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय कोणी सोडत नाही, आणि एकदा त्याच्या घरचा चहा पोटात गेला की त्याच्या मशीनला वाईट म्हणायला जीभ रेटत नाही. उस्ताद मोजकं बोलायचे. "पहले हाथ, बाद में चाय," एवढंच म्हणायचे आणि पुढं निघायचे. मीही आयुष्यभर तेच केलं. मशीन पाहून मग घेतो जी, असं म्हटलं की शहाणे मालक समजून जायचे आणि चहाचं भांडं चुलीवरून खाली उतरवून ठेवायचे. आर्वीच्या रस्त्यावर माझं स्वतःचं गॅरेज झालं, केस पांढरे झाले, पण जुना ट्रॅक्टर घेणारा माणूस मला घेतल्याशिवाय जात नसे. मला ह्या हाताचा फार गर्व होता. आता लिहिताना कबूल करतो, गर्वच होता, दुसरा शब्द नाही.

हा हात मी एकदाच खोटा पाडला, आणि तोही ज्याच्यासमोर पाडायला नको होता नेमका त्याच्यासमोर.

तो माझा शाळेपासूनचा मित्र. सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. माझी बायको एका पावसाळ्यात त्या दवाखान्यात भरती होती, पार हातची जाते की काय असे दिवस होते. मी गॅरेज आणि दवाखाना यांच्यामध्ये नुसता भिरभिरत होतो. ह्या माणसानं आपली ड्युटी संपल्यावर घरी न जाता तिच्या खाटेपाशी बसून रात्री काढल्या. तपासणीला न्यायचं असलं की स्ट्रेचर दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही, का तर खड्ड्यात आदळलं तर तिला लागेल म्हणून. त्याच्या घरून रोज डबा यायचा. माझी पोरगी तेव्हा चौथीत होती, ती त्या दिवसांत त्याच्याच घरी राहिली, त्याच्याच बायकोनं तिची वेणी-फणी केली. बायको बरी होऊन घरी आली तेव्हा पोरगी आमच्याकडे यायला तयार नव्हती, रडली. त्याचे उपकार फेडायचे म्हटलं तर मला हा जन्म पुरायचा नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. म्हणायला काय लागतं?

रिटायर झाल्यावर त्यानं वर्ध्याजवळचं पिपरी मेघेचं घर मुलाच्या हवाली केलं आणि नवरा-बायको गावी शेतावर राहायला गेले. शेत बापाचं, थोडकं पण काळं, चांगलं. इतकी वर्षं ते भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाललं होतं. भाड्याचा ट्रॅक्टर म्हणजे काय, हे शेती केलेल्यालाच कळतं. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत वाफसा येतो, ओल नेमकी असते, माती हाताला चिकटत नाही आणि उडतही नाही. तो तीन-चार दिवसांचा खेळ. त्या दिवसांत ट्रॅक्टरवाला आधी मोठ्याच्या वावरात जातो, मग त्याच्या भावकीत, आणि तुमच्याकडे येईस्तोवर माती दगड झालेली असते. मित्राच्या मनात एकच गोष्ट होती. एकदा तरी वाफशावर, आपल्या वेळी, आपल्या हातानं आपलं वावर पेरायचं. नोकरी केली दुसऱ्याच्या घड्याळावर, आता पेरणी तरी आपल्या घड्याळावर करू दे, असं तो म्हणायचा. नवा ट्रॅक्टर काही त्याला जमणारा नव्हता. जुना चालेल, फक्त तू पाहून दे, म्हणाला.

त्याला मोबाइलवर एका ट्रॅक्टरचे फोटो आले. रोहण्याच्या अलीकडचं एक गाव, चांगलं शेतीवाडीचं घर, आपल्याच समाजातलं. त्यानं मला फोनवर गाव सांगितलं, मालकाचं आडनाव सांगितलं आणि मी दोन्ही परत विचारून घेतलं.

कारण त्याच घरातून माझ्या पोरीला पाहून गेले होते. पंधरा दिवसही झाले नव्हते. मुलगा शाळेत मास्तर, शांत, निर्व्यसनी. याआधी दोन स्थळं पाहून गेली आणि परत फिरकली नाहीत. दुसऱ्या वेळी पोरगी तीन दिवस नीट जेवली नव्हती. ह्या मुलाला मात्र ती पाहून हसली होती, तिच्या आईनं पाहिलं आणि मीही पाहिलं. विचार करून कळवतो, असं सांगून ती मंडळी गेली होती, आणि आमच्या घरात फोन वाजला की तिघंही एकदम दचकायचो. पक्कं होईस्तोवर कोणाजवळ तोंड उघडायचं नाही, अशी बायकोची सक्त ताकीद होती. त्यामुळे मित्राला यातलं काही माहीत नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. लेका, हे घर माझ्या ओळखीचं आहे, तिथं मी बोलू शकणार नाही, दुसरा कोणी माणूस ने. दोन वाक्यांचं काम होतं. पण मनात एक हलकट विचार आला की त्या घरी जायला हे बरं निमित्त आहे, लोक मला किती मानतात हे त्यांनाही दिसेल. मी म्हणालो, "चाल, उद्या सकाळीच जाऊ."

पौषाचे दिवस होते आणि धुक्याची अशी धुवारी पडली होती की मोटारसायकलच्या पुढं दहा हातांवरचं दिसत नव्हतं. तुरी फुलावर होत्या. मागं बसलेला मित्र मफलरमधून सारखं म्हणत होता की या धुवारीनं तुरीचा बहार झडणार. मी हो हो म्हणत होतो आणि मनात दुसरंच घोळवत होतो, शर्ट बरा घातला आहे का आणि दाढी नीट झाली आहे का, हे.

मालकानं मला ओळखलं. माणूस सज्जन, हे मला आजही म्हणायचं आहे. त्यानं स्थळाचा विषय काढला नाही, मध्यस्थाकडून निरोप जायच्या आधी तसं बोलणं शोभत नाही. पण स्वागत जरा जास्तच केलं. अंगणात टिनाच्या शेडखाली ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या अगदी शेजारी त्यानं दोन खुर्च्या टाकल्या. धुवारीनं सगळं ओलंचिंब होतं. टिनाच्या काठावरून थेंब गळत होते, वारा ओल आत आणत होता, ट्रॅक्टरची सीट ओली, मडगार्ड ओलं, चाकांवरून पाणी ओघळून राहिलेलं. बोनेट तेवढं कोरडं होतं.

खुर्चीवर बसता बसता सवयीनं माझा हात गेला. गरम होतं. कोमट नाही, चांगलं गरम. इतकी वर्षं ज्या हाताचं ऐकलं त्यानं मला स्वच्छ सांगितलं की यानं पहाटे चालवून ठेवला आहे.

मी हात काढून घेतला. मालक म्हणाला, आधी चहा घ्या जी, मशीन कुठं पळून चालली. आणि चहाचा ट्रे घेऊन तो मुलगाच बाहेर आला, ज्याला माझी पोरगी पाहून हसली होती. त्यानं वाकून ट्रे माझ्यासमोर धरला. दारात त्याची आई उभी होती आणि माझ्याकडे पाहून राहिली होती. मशीन पाहून मग घेतो जी, हे माझं रोजचं वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कप उचलला. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझा नियम पाठ होता, शंभरदा ऐकवला होता मी त्याला. मग त्यानंही कप उचलला.

त्यानंतर मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ स्वतःला समजून घेतलं असतं. मी तपासणीचं अख्खं नाटक केलं. पुढचं चाक धरून हलवलं, स्टिअरिंग किती ढिलं आहे ते पाहिलं, लिफ्टवर वखर टांगून वर-खाली केला, क्लच दाबून गिअर टाकून पाहिले. तेलाची पट्टी काढली तर तेल मधासारखं नवं. विकायच्या तोंडावर नवं दाट तेल धूर आणि खडखड लपवायलाच टाकतात, हे मी पोरासोरांना शिकवत आलो होतो, आणि तिथं मात्र मोठ्यानं म्हणालो की वा, तेल ताजं ठेवलं आहे. तासांचा मीटर थोडकेच तास दाखवत होता आणि ब्रेकच्या पायट्याचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. म्हणजे मीटर खोटा, तेही दिसलं. सेल्फ मारला, एका झटक्यात सुरू झाला. सायलेन्सरमधून बारीक निळसर धूर आला आणि धुवारीत मिसळला. मी धुवारीकडे पाहत बसलो.

"कसा वाटते?" मित्रानं विचारलं.

"घ्यायले हरकत नाई," मी म्हणालो.

हे तीन शब्द मी त्यानंतर किती वेळा मनात परत बोललो असेन, गिनती नाही. बदलून बोललो. दुपारी येतो जी, थंड झाल्यावर पाहू, असं म्हणून पाहिलं. मालक काय म्हणाला असता? फार तर हसला असता, थोडा ओशाळला असता. कदाचित मान देऊन गेला असता की व्याही खरा माणूस आहे. स्थळ मोडलंच असतं असं कुठं लिहून ठेवलं होतं? पण मी विचारलंच नाही. मी आपल्या मनानंच ठरवून टाकलं की पोरीच्या सुखाची किंमत मित्राची पेरणी आहे, आणि ती देऊन मोकळा झालो. माझ्या खिशातलं काहीच गेलं नाही.

आठ-दहा दिवसांत मध्यस्थाचा निरोप आला, पोरगी पसंत आहे म्हणून. त्याच आठवड्यात मित्राच्या घरी ट्रॅक्टर आला. त्यानं पुढं निळा झेंडा लावला, मागच्या पाटीवर 'नमो बुद्धाय' रंगवून घेतलं आणि पेढे घेऊन माझ्याकडे आला. मीही पोरीचं सांगून त्याच्या हातावर पेढा ठेवला. कोणत्या घरी दिली ते ऐकून तो क्षणभर थांबला. मला वाटलं, संपलं, आता याच्या लक्षात आलं. पण तो खदखदून हसला आणि म्हणाला, "मंग तं हा घरचाच ट्रॅक्टर झाला बाप्पा!" माझ्या बायकोनं आतून चहा आणला. तो पेढा माझ्या तोंडात विरघळता विरघळेना.

उन्हाळ्याच्या तोंडालाच ट्रॅक्टरनं रंग दाखवला. सकाळी सेल्फनं उठेना. मित्रानं युक्ती काढली. विहाराच्या बाजूला रस्त्याला थोडा उतार आहे, तिथं तो ट्रॅक्टर रात्री नेऊन लावायचा आणि सकाळी उतारावरून सोडून गिअरमध्ये सुरू करायचा. अख्खं गाव पाहायचं. त्यानं मला सांगितलंही नाही, मला दुसऱ्या माणसाकडून कळलं. मी विचारलं तर तू कामात राह्यते, कायले सांगाचं, म्हणाला.

पोरीचं लग्न मे महिन्यात विहारात झालं. वाढायला तो सगळ्यात पुढं, पंगतीत बुंदीचं ताट घेऊन घामाघूम. व्याह्यांनी त्याला हाक मारून माझ्यादेखत विचारलं की ट्रॅक्टर बरा चालून राह्यला ना. माझ्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला. "मस्त चालते जी," तो म्हणाला आणि पुढच्या पानावर बुंदी वाढायला गेला. माझ्याकडे त्यानं वळूनही पाहिलं नाही.

त्याच जूनमध्ये मृग बरसला, वाफसा आला, आणि ज्या दिवसासाठी त्यानं हे सारं केलं होतं त्या दिवशी ट्रॅक्टर वावराच्या मधोमध उभा राहिला. पेरणीयंत्र मागं जोडलेलं, बियाणं भरलेलं. मी दुसऱ्याचा ट्रॅक्टर लावून तो ओढून गॅरेजमध्ये आणला आणि स्वतःच्या हातानं इंजिन उघडलं. आत जे असणार ते मला माहीत होतं, तेच निघालं. लायनरला पायरी पडलेली, रिंगा तुटून तुकडे झालेले, एका पिस्टनची कडच खाल्लेली. वर्षानुवर्षांची झीज. तो माझ्या शेजारी उकिडवा बसून विचारत होता, असं कसं झालं? मी त्याच्याकडे न पाहता म्हणालो की वापरानं होते. पाच महिन्यांच्या वापरानं असं कोणाचंही होत नाही. हे माझं दुसरं खोटं, आणि हे पहिल्याहून वाईट, कारण इथं समोर कोणी व्याही नव्हता.

काम मी रात्रंदिवस केलं, पण पार्ट नागपूरहून यायला वेळ लागला आणि वाफसा काही थांबत नाही. त्यानं शेवटी भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहिली, नेहमीसारखी, सगळ्यात शेवटी. सोयाबीन कडक मातीत पडलं आणि विरळ उगवलं. शेजारच्या वावरात गुडघ्याएवढं झालं तेव्हा याचं वीतभर होतं. मी ट्रॅक्टर परत द्यायला गेलो तेव्हा त्याची बायको ओट्यावर होती. माझ्याशी बोलली नाही, नवऱ्याशी हळूच बोलली, पण मला ऐकू आलं. "भाऊजीनं पाह्यला होता ना?" एवढंच तिनं विचारलं. जिनं माझ्या पोरीची वेणी-फणी केली, तिनं. तो म्हणाला, मशीन आहे, मशीनचा काय भरवसा.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, बोलणं टाकलं असतं, तर मला निदान रागवायला जागा झाली असती. मी तापट माणूस आहे, कोणी माझ्यावर आवाज चढवला की मला माझी चूक विसरायला सोपं जातं. पण यानं तीही सोय ठेवली नाही. हिवाळ्यात त्याच्या घरून तुरीची डाळ आलीच. विहिरीची मोटर घ्यायची असो, नातवाची सायकल असो, याचा हात लागू द्या मग घेऊ, असं म्हणून तो मला बोलावायचा. मी जायचो. हात लावायचो. आणि दुसऱ्या कोणाचा ट्रॅक्टर पाहायला जाणं मी बंद केलं. डोळ्यांनी नीट दिसत नाही, असं सांगायला लागलो. डोळ्यांचा काय संबंध, पण लोकांना पटलं.

पोरगी सुखात आहे, हे इथं सांगायला पाहिजे. जावई लाख माणूस आहे, सासू तिला लेकीसारखी वागवते. मी तिच्या घरी जातो तेव्हा व्याही मला टिनाच्या त्याच शेडखाली खुर्ची टाकून देतात. आता तिथं त्यांचा नवा ट्रॅक्टर असतो. मला तिथं चहा गोडच लागत नाही. आणि आपली लेक सुखात आहे म्हणून आपल्याला बरं वाटतं, त्या बरं वाटण्याचीही मला चोरी झाली आहे.

गेल्या पौषात मित्रानं ट्रॅक्टर विकायचं ठरवलं. गुडघे दुखतात, म्हणाला, आता भाड्याचाच बरा. एक तरुण शेतकरी दुसऱ्या सकाळी पाहायला येणार होता. मला म्हणाला, तू येजो, तू असला म्हणजे मले धीर राह्यते. मी उजाडताच पोचलो. पुन्हा तशीच धुवारी होती. ट्रॅक्टर अंगणात उभा, अंगभर पाणी. मनात आलं की याचं निदान एवढं तरी भरून निघू दे, चांगला जाऊ दे हा ट्रॅक्टर. काही एक विचार न करता मी बोलून गेलो, त्याले यायले अर्धा तास आहे, सुरू करून थोडा गरम करून ठेव.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग ट्रॅक्टरजवळ गेला आणि त्यानं ओल्या बोनेटवर आपला तळवा ठेवला.

"त्या दिवशी मी बी हात लावला होता," तो म्हणाला. "तू चाक पाहून राह्यला होता तवा. मले गरम लागला."

मी खाली चाकाकडे पाहिलं.

"पण तू तं आधीच चहा पेला होता. मी म्हटलं, याले नाई लागला तं मले कसा लागला? उन्हानं तापला असन."

"ऊन कुठं होतं?" मी म्हणालो. "धुवारी होती."

"हो," तो म्हणाला. "धुवारी होती."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. हात लावला होता, गरम होता, तेल नवं होतं, पायटा झिजला होता, धूर निळा होता, मला सगळं कळलं होतं. पोरीचं तिथं चाललं होतं म्हणून मी बोललो नाही. आणि गॅरेजमध्येही खोटं बोललो. माझा आवाज मध्येच फुटला, म्हाताऱ्या माणसाचा फुटतो तसा, आणि मी तो सावरलाही नाही. तो पूर्ण वेळ बोनेटवरचा हात न काढता ऐकत होता. तीन वर्षं त्यानं स्वतःच्या हातावर अविश्वास ठेवला होता, माझ्या हातावर नाही. मोटर, सायकल, सगळ्याला मला का बोलवायचा, ते मला तिथं उभं असताना कळलं.

तेवढ्यात तो तरुण शेतकरी मोटारसायकलवरून आला. मित्रानं त्याला जयभीम केला आणि म्हणाला, आधी हात लावून पाहा, थंडा आहे का नाई ते. त्या पोराला काही कळलं नाही, पण त्यानं हात लावला. मग मित्रानं सेल्फ मारला. तीनदा घरघरला, चौथ्यांदा उठला, निळा धूर अंगणभर झाला. त्यानं एकेक सांगून टाकलं, इंजिन कधी उघडलं, काय काय बदललं, काय अजून खराब आहे. मला म्हणाला, तू बी सांग काई राह्यलं असन तं. मी लिफ्टचं सांगितलं, लिफ्ट जड वजनाला खाली बसते. पोरगा बराच वेळ फिरून फिरून पाहत राहिला, विचार करून कळवतो म्हणाला आणि गेला.

आम्ही दोघं अंगणात राहिलो. धुवारी विरायला लागली होती. मी म्हणालो, काई तरी बोल. शिव्या दे.

तो ओट्यावर बसला, गुडघे चोळले.

"पोरीले सांगू नको हे," तो म्हणाला. "तिले वाटन का तिच्यापायी झालं."

मग त्यानं आत तोंड करून बायकोला सांगितलं की मशीन पाहून झाली, आता चहा आण. तिनं दोन कप आणले. मी माझा घेतला.